तान्ह्या बाळाचे इसब



या अंकासाठी संपादकांनी मला थंडीतल्या आजारांविषयी लिहायला सांगितले होते. खोकला, सर्दी, न्यूमोनिया यांबद्दल पुढच्या खेपेस लिहीन. आज लहान बाळांच्या इसबाविषयी लिहिते. इसब म्हणजे ज्याला शहरात आपण एक्झिमा म्हणतो ते. हा विषय निवडायचे कारण म्हणजे यात माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि ती आधी सांगितल्याशिवाय पुढचे चार शब्द सांगण्याचा मला अधिकार नाही असे वाटते.

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर आमचा फिरता दवाखाना महिन्यातून दोनदा जातो. तीन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन थंडी पडायला लागली तेव्हा, एक वारली आई आठ महिन्यांची मुलगी घेऊन आली. मुलीचे दोन्ही गाल लालभडक, त्यांवर ओलसर खपल्या. कपाळावर आणि हातापायांच्या बाहेरच्या अंगाला खरखरीत चट्टे. पोर आईच्या खांद्यावर सारखे तोंड घासत होती. आई म्हणाली, "सिस्टर, रातभर झोपत नाय. आमालाबी झोपू देत नाय."

त्याच आठवड्यात मी एका वसतिगृहातल्या चाळीस मुलांना खरजेचे औषध लावून आले होते. माझ्या डोक्यात खरूजच बसली होती. बाळाच्या बोटांच्या बेचक्या मी पाहिल्या नाहीत. घरात आणखी कोणाला खाज आहे का, हेही विचारले नाही. खरजेचे लोशन हातात दिले आणि वर सल्ला दिला की कडुनिंबाचा पाला उकळून कढत पाण्याने अंघोळ घाला, लाल साबण लावून चांगले चोळा, खपल्या निघाल्या पाहिजेत.

आईने मी सांगितले तसे तंतोतंत केले.

दोन आठवड्यांनी गेले तेव्हा गालांवरून पाणी गळत होते. मधल्या काळात आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या. बाजाराच्या दिवशी वडिलांनी औषधांच्या दुकानातून एक ट्यूब आणली होती. ती लावल्यावर तीन दिवसांत गाल स्वच्छ झाले, आणि ट्यूब संपताच पूर्वीपेक्षा दुप्पट उठले. दुसरे म्हणजे, शेजारणीने सांगितले की हे अंगावर उठते ते आईच्या खाण्यामुळे. म्हणून आईने अंडी, बोंबील, सुकट, तूरडाळ सगळे सोडले होते. पोरीलाही भाताच्या पेजेवर ठेवले होते. मी काट्यावर घातले. मागच्या भेटीत ६ किलो ४०० ग्रॅम भरलेली मुलगी ६ किलो १०० वर आली होती. या वयात वजन चढायला हवे, ते तीनशे ग्रॅमने उतरले होते. गालांपेक्षा मला त्या काट्याची भीती वाटली.

त्याच दिवशी गाडीत घालून तिला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बाळाला पाहिले, मग वडिलांकडे वळून विचारले, "तुम्हाला दम लागतो का?" ते म्हणाले, "ल्हानपणापून." डॉक्टर मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सिस्टर, हे इसब आहे. याला चोळायचे नसते, जपायचे असते." त्या दुपारी त्यांनी मला जे शिकवले आणि नंतर पुस्तकांतून व अनुभवातून जे कळले, ते इथे मांडते.

इसब आणि खरूज

आमच्या भागात अंगाला खाज सुटली की सगळ्यांना एकच नाव, खरूज. पण दोन्ही आजार अगदी वेगळे आहेत. खरूज हा किड्यांमुळे होणारा, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा आजार आहे. घरात एकाला झाली की बहुधा आणखी दोघे-तिघे खाजवत असतात, आणि रात्री खाज वाढते. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीभोवती, जांघ या तिच्या जागा. तान्ह्या बाळांच्या तळहातांवर आणि तळपायांवरही पुटकुळ्या येतात. तिला परमेथ्रिनसारखे औषध लागते, तेही घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री, आणि आठवड्याभराने पुन्हा एकदा. एकट्या बाळाला लावून उपयोग नसतो.

इसब बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास गालांवर सुरू होते. मग टाळू, कपाळ, हातापायांची बाहेरची बाजू. लंगोटाखालची जागा बहुधा स्वच्छ राहते, कारण ती ओलसर असते. मूल चालायला लागले की चट्टे जागा बदलतात आणि कोपराच्या व गुडघ्याच्या आतल्या घडीत येतात. घरात कोणाला दमा, सततच्या शिंका किंवा लहानपणी असेच इसब असेल, तर संशय बळकट होतो. आणि इसब कोणालाही लागत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्या मुलीला अंगणवाडीच्या ताईंनी इतर मुलांपासून दूर बसवले होते. आमच्याबरोबर भेटीला आलेल्या आपल्या मंडळीतल्या एक भगिनीही तिला उचलून घ्यायला कचरल्या होत्या. त्यांना दोष देत नाही, मीसुद्धा त्या दिवशी हातमोजे घातलेच होते.

कधी कधी खरूज आणि इसब एकाच बाळाला असतात. तेव्हा आपण ठरवू नये, डॉक्टरांना ठरवू द्यावे. गोल, कडा उठलेला चट्टा असेल तर तो नायटा असू शकतो. आणि कुपोषित बाळाच्या तोंडाभोवती, गुदद्वाराभोवती आणि हातापायांवर चट्टे असून सोबत जुलाब असतील, तर ते जस्ताच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. तिथे कितीही मलम लावले तरी उतार पडत नाही. म्हणून आता मी अंग पाहण्याआधी बाळाचे वजन घेते.

कुडाची भिंत

आजार समजावताना मी पाड्यावर घराच्या भिंतीकडे बोट दाखवते. वारली घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या असतात आणि त्यांवर शेणामातीचा लेप असतो. लेप चांगला असला की वारा, पाऊस, किडामुंगी बाहेर राहते. लेपाला भेगा पडल्या की सगळे आत येते. आपल्या कातडीवरही असाच एक लेप आहे. इसबाच्या बाळाचा तो लेप जन्मतःच कच्चा असतो. आतला ओलावा निघून जातो, आणि साबण, धूळ, घाम, जंतू आत शिरतात. मग कातडी सुजते, खाज सुटते. खाजवले की लेप आणखी तुटतो, आणि पुन्हा खाज. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की फिलॅग्रिन नावाचे कातडीतले एक प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असेल, तर इसब होण्याचा धोका वाढतो. इसबाच्या प्रत्येक मुलात तोच दोष असतो असे नाही, पण एवढे त्यातून नक्की कळले की आईच्या खाण्याने किंवा कोणाच्या नजरेने हे होत नाही.

भिंतीचे उदाहरण आईला लगेच पटले. ती म्हणाली, "म्हंजे सारखं सारवायला लागंल." याहून चांगले उत्तर मी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नाही. भिंत एकदा सारवून भागत नाही. इसबही एका औषधाने कायमचे जात नाही. बऱ्याच मुलांचे ते वाढत्या वयाबरोबर पुष्कळ कमी होते, काहींचे राहते. तोवर सारवत राहायचे.

सारवण म्हणजे काय? साधे, बिनवासाचे, तेलकट मलम. पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि कुठेही मिळते. खोबरेल तेलही चालते. फिलिपाइन्समध्ये इसबाच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात शुद्ध खोबरेल तेलाचा खनिज तेलापेक्षा अधिक उपयोग दिसला होता. मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेल मात्र टाळावे, त्याने कातडीचा लेप आणखी सैल होऊ शकतो. मुंबई-पुण्याच्या आयांनो, महागड्या बाटलीतले ऑलिव्ह तेल बाळाला चोळण्याआधी हे लक्षात ठेवा.

किती लावायचे? आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शक सूचना इसबाच्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मलम द्यावे असे सांगतात. आमच्याकडे ते परवडत नाही, पण बोटाच्या टोकावर चिमूटभर घेऊन गालाला टेकवणे म्हणजे लावणे नव्हे, एवढे तरी त्यावरून कळते. दिवसातून निदान दोनदा, कोरड्या दिवसांत तीन-चारदा, चट्टे असोत वा नसोत, सगळ्या अंगाला. चोळायचे नाही, केसांच्या दिशेने हळूच पसरायचे. बरणीत बोट घालू नये. स्वच्छ चमच्याने काढून घ्यावे, नाहीतर बरणीत जंतू जातात.

एक इशारा. असे मलम मुरलेले कपडे आणि पांघरुणे फार लवकर पेट घेतात. झोपडीत चूल आणि बाळाची झोळी हातभर अंतरावर असतात, म्हणून हे मी प्रत्येक आईला दोनदा सांगते. शहरात बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवणाऱ्यांनीही ऐकावे.

अंघोळ

आपल्याकडे बाळाची अंघोळ हा सोहळा असतो. कढत पाणी, डाळीच्या पिठाचा गोळा, लव जावी म्हणून घासणे, मग ओवा-शेपाची धुरी. निरोगी बाळ हे सोसते. इसबाच्या बाळाला यातले प्रत्येक पाऊल त्रासाचे आहे. पाणी कोमट हवे, आपल्या कोपराला ना गरम ना गार लागेल इतके. पाच ते दहा मिनिटे पुरेत. साबण लावायचाच तर सौम्य, बिनवासाचा, आणि तोही फक्त मळलेल्या जागी. लाल साबण, जंतुनाशकाचे थेंब, कडुनिंबाचा पाला यांपैकी काही नको. धुरी तर नकोच.

मग मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे, आणि अंग पूर्ण सुकायच्या आत, दोन-तीन मिनिटांत, मलम लावावे. अंघोळीचा सगळा फायदा या दोन-तीन मिनिटांत आहे. मलम न लावता बाळ तसेच ठेवले तर पाणी उडून जाते आणि कातडी आधीपेक्षा कोरडी होते.

मोखाड्यात पावसाळ्यात छत्री उलटवणारा पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये डोंगर उतरून हंडा आणावा लागतो. तेव्हा रोज अंघोळ घाला असे सांगणे ही थट्टाच होईल. उन्हाळ्यात मी सांगते की एक तांब्या पाणी घ्या, ओल्या फडक्याने घाम टिपा आणि लगेच तेल लावा. तेवढे चालते.

नखे आठवड्यातून दोनदा कापावीत. अंगाला सुती झबले, लोकरीचे काही थेट कातडीवर नको. रात्री फार गुंडाळू नये, उकाड्याने खाज वाढते.

ट्यूबची गोष्ट

वडिलांनी आणलेल्या ट्यूबमध्ये तीन औषधे एकत्र होती. एक जहाल स्टिरॉइड, एक जंतूंचे आणि एक बुरशीचे. अशी मिश्र क्रीम गावोगावी खपतात, कारण ती दोन दिवसांत गुण दाखवतात. नायट्यावर लावली तर नायटा आत आत पसरतो. बाळाच्या गालावर महिनाभर लावली तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. लंगोटाखाली लावली तर औषध रक्तात उतरते आणि बाळाच्या शरीरातल्या संप्रेरकांचा तोल बिघडू शकतो. २०१८ साली केंद्र सरकारने कातडीवर लावायची अनेक स्टिरॉइड औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, पण बाजाराच्या दिवशी चिठ्ठी कोण विचारतो?

याची दुसरी बाजूही मला सांगायची आहे. आपल्या मंडळीतल्या शिकलेल्या आया स्टिरॉइड हा शब्द ऐकूनच घाबरतात. डॉक्टरांनी दिलेली सौम्य ट्यूब कपाटात ठेवतात आणि बाळाला महिनोन्महिने खाजवू देतात. पाड्यावर जास्त लावून बिघडते, शहरात न लावून. डॉक्टरांनी बाळाच्या वयाला आणि जागेला योग्य असे, उदाहरणार्थ चेहऱ्यासाठी एक टक्का हायड्रोकॉर्टिझोन दिले असेल, तर ते सांगितलेले दिवस निर्धास्त लावावे. माप सोपे आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक पट्टी काढायची. ती सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. हे औषध फक्त लाल, सुजलेल्या जागीच लावायचे. लाली गेली की डॉक्टर सांगतील तसे थांबवायचे, आणि साधे मलम मात्र चालू ठेवायचे. दोन्ही एकदम एकावर एक लावू नयेत, मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा.

खाणे बंद करू नका

इसब असलेल्या काही थोड्या मुलांना, विशेषतः फार लहानपणी जोरात सुरू झालेल्यांना, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असते. अंडे किंवा दूध खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली तर तो पदार्थ बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे. पण अंदाजाने आईचे आणि बाळाचे खाणे तोडू नये. जिथे आठवड्यातून एखादे अंडे आणि मूठभर सुकट एवढीच प्रथिनांची सोय आहे, तिथे पथ्याच्या नावाखाली तीही काढून घेतली तर खाज तशीच राहते आणि वजन जाते. अंगावरचे दूध चालू ठेवावे. लसीही वेळेवर द्याव्यात. इसब आहे म्हणून लस चुकवू नये.

ताबडतोब दवाखान्यात

चट्ट्यांवर मधासारख्या पिवळ्या खपल्या, पू, आसपास गरम सूज किंवा ताप असेल, तर जंतूंची लागण झाली आहे. त्याहून घाईचे म्हणजे अचानक एकसारख्या, दुखऱ्या, पाण्याने भरलेल्या पुटकुळ्या उठणे, आणि त्या फुटून टोचून काढल्यासारखे खड्डे पडणे. हे ओठांवर फोड आणणाऱ्या विषाणूचे काम असते आणि इसबाच्या बाळाला ते जिवावर बेतू शकते. पाड्यावर याला देवी आल्या म्हणतात आणि घरात झाकून ठेवतात. एक रात्रही थांबू नये. ज्या मोठ्या माणसाच्या ओठावर असे फोड आले आहेत त्याने बाळाचे मुके घेऊ नयेत, मग तो आजोबा का असेना.

एक सोय पुष्कळांना माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत खरूज, बुरशी आणि इसब ही तिन्ही आहेत. पुढचे उपचार मोफत असतात. तुम्ही भेटीला आलात आणि एखादे खाजवणारे मूल दिसले, तर त्याचे नाव अंगणवाडीच्या ताईंकडे नोंदवायला सांगा.

आता नाताळच्या पार्सलांविषयी, थोड्या संकोचाने. तुम्ही प्रेमाने पाठवलेल्या बाळांच्या संचात सुवासिक साबण, सुवासिक पावडर आणि लोकरी टोपडी असतात. पावडर आम्ही आता वाटत नाही, ती बाळाच्या श्वासात जाते. वासाचा साबण मोठ्या मुलींना देतो. स्वेटर उपयोगी पडतात, पण आत सुती झबले असेल तरच. या वर्षी शक्य असेल त्यांनी साधी बिनवासाची पेट्रोलियम जेली, सुती झबली, धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साड्या आणि लहान नखे कापायच्या बोथट टोकाच्या कात्र्या पाठवाव्यात. जेलीच्या मोठ्या बरण्या पाठवल्या तरी चालेल, आम्ही इथे छोट्या डब्यांत भरून देतो.

ती मुलगी आता पावणेचार वर्षांची आहे. त्या वेळी सौम्य औषध, मलम आणि आईच्या ताटात परत आलेली सुकट यांनी पाच आठवड्यांत तिचे वजन पूर्वीच्या आकड्यावर आणि थोडे पुढे गेले. गाल बरे व्हायला त्याहून जास्त दिवस लागले. अजूनही थंडी आली की गुडघ्यांमागे खरखर येते. दिवाळी संपली की तिची आई, आम्ही बोलावण्याआधीच, रिकामी बरणी पदराने पुसून घेऊन रांगेत उभी असते. गेल्या खेपेस तिच्यामागे तिची जाऊ होती, कडेवर चार महिन्यांचे बाळ. मी काही विचारायच्या आत पहिलीने दुसरीला सांगायला सुरुवात केली होती, "चोळायचं नाय, बाय. सारवायचं."